बिनगाडीचा युरोप

"हाण!" म्हणत ते आधी टेबलावर पंजा आपटायचे आणि मग खुर्चीत बसायचे. आधी बसावं, मग बोलावं, हे त्यांना कधी जमलं नाही. चहा समोर आला की "हाण", तिकीट काढायचं ठरलं की "हाण", आणि स्टँडवर कुणाशी वाजलं तरी तेच. फक्त तेव्हा ते दुसऱ्याला सांगत नसत, स्वतःच हाणत. माझ्या टेबलावरची काच त्यांनी दोनदा फोडली. दुसऱ्यांदा मी काच आणलीच नाही, सनमायका ठोकून घेतला. त्यावर पंजा आपटून म्हणाले, "ह्ये बरं केलंस ताई. काचेचा काय भरवसा न्हाय."

तुम्ही कधी देवीच्या दर्शनाला तुळजापूरला आला असाल, तर परतताना स्टँडबाहेर कुणीतरी तुमच्या हातातली पिशवी ओढली असेल. "चला सोलापूर, सोलापूर, सुटायलीय!" म्हणत तुम्हाला एका जीपमध्ये कोंबलं असेल, आणि मग ती जीप बराच वेळ जागची हलली नसेल. या धंद्याला वडाप म्हणतात. अण्णांनी आयुष्यभर तोच केला. सगळा स्टँड त्यांना अण्णा म्हणायचा, मीही. त्याच स्टँडच्या बोळात माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, पासपोर्टचे अर्ज, सगळं. वडलांनी सुरू केलं, आता मी चालवते. बाई एकटी दुकान चालवते म्हटल्यावर लोक आवाज चढवून बघतात. मीही चढवते. अण्णांचं आणि माझं जमलं ते बहुतेक त्यामुळेच.

वडापात दोन कायदे. जीप भरल्याशिवाय सुटायचं नाही, आणि दुसऱ्याच्या नंबरातला, म्हणजे त्याच्या पाळीचा, पॅसेंजर उचलायचा नाही. तिसरा कायदा अण्णांना माहीत नव्हता. दुसरा मोडणाऱ्याला ते मारत. मी शाळेत असताना, पाठीला दप्तर असताना, त्यांनी एका ड्रायव्हरला जीपच्या खिडकीतून बाहेर ओढलेलं मी पाहिलंय. त्याचा कान फाटला होता आणि रक्त ओघळून शर्टाच्या खिशात उतरत होतं. खिशात विडीचं बंडल होतं, ते लाल होईपर्यंत कुणी मध्ये पडलं नाही. मग अण्णांनी पायजम्याला हात पुसले आणि त्याच पॅसेंजरांना म्हणाले, "बसा बसा, सोलापूर."

ते आपल्या बायकोला, काकूंनाही मारत. हे मी लपवणार नाही. माणूस गेला की त्याच्या रागाची लोक गंमत करून टाकतात, "लई तापट होता, पण मनाचा साफ" म्हणतात. साफ मनाचा हात काकूंच्या पाठीवर उमटलेला मी पाहिलाय. त्या आमच्या शेजारच्या बोळात राहायच्या, आणि ओला टॉवेल पाठीला लावून माझ्या आईशी गप्पा मारायला यायच्या. टॉवेलाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

त्यांना एकच मुलगी. सोलापुरात नर्सिंग शिकत होती. आमच्या गावात वडापाच्या दोन लाईनी होत्या, एक स्टँडवरची आणि एक वरच्या वेशीजवळची. दोन्हींचं हाडवैर. मुलगी पळून गेली ती वेशीच्या लाईनवाल्याच्या पोराबरोबर. जात एकच, देवी एकच, आडवी आली ती लाईन. निघाली तीही त्याच लोकांच्या जीपमधून. अण्णांना कुणीतरी फोन केला. तामलवाडीच्या अलीकडे त्यांनी आपली जीप आडवी घातली, सीटखालची टॉमी काढली आणि पोराला बाहेर ओढलं. टॉमी म्हणजे टायर खोलायचा लोखंडी दांडा. पोरानं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला. तो कोपरात तुटला. मुलगी मध्ये पडली, तिलाही एक खांद्यावर बसली. जीपमधल्या बायका ओरडत होत्या आणि अण्णा म्हणत होते, "माझ्या नंबरातली नेतो व्हय रे!"

हे मी पाहिलेलं नाही, पण त्या जीपमध्ये बसलेल्या एका बाईनं माझ्याच दुकानात सांगितलेलं आहे.

पोलीस केस झाली. अण्णा जामिनावर सुटले. पोरांनी लग्न केलं, मुलगी जर्मन भाषा शिकली आणि नर्स म्हणून तिकडं गेली, मागून नवराही गेला. त्याचा कोपर नीट बसला नाही, हात अजून सरळ होत नाही. एका बेकरीत काम करतो. त्यांना एक मुलगा झाला. मुलगी आईला रोज फोन करायची. फोन आला की अण्णा शेजारच्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यांनी जीप विकून टाकली होती आणि जिथं जायचं तिथं एसटीनं किंवा पायी जायचे. ज्यानं अर्धं आयुष्य स्टेअरिंगवर काढलं, तो माणूस लग्नाच्या गाडीतसुद्धा बसेना. लोक म्हणाले, आणखी एक तऱ्हा.

अशा माणसानं एके दिवशी दुपारी टेबलावर पंजा आपटला आणि म्हणाला, "ताई, युरोप हाण."

"युरोपात कुठं?"

"सगळं. पॅरिस, रोम, ते बर्फाचं, लंडन. आठवड्यात बसीव."

मी हसले. ते हसले नाहीत.

"दात काय काढायलीस? लोकं येतेत का न्हाय हितं? सकाळी तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, सांजच्याला गाणगापूर. एका दिसात तीन देव उरकतेत."

"अण्णा, रोम काय अक्कलकोट आहे का?" मी नकाशा उघडला. बोटांनी अंतरं दाखवली. एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यात अर्धा दिवस, हॉटेलात सामान टाकण्यात पाव दिवस, असं करत तुमचे डोळे फक्त स्टेशनं बघतील म्हटलं. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. रोम सोडलं. बर्फ सोडला. लंडनला निराळा व्हिसा लागतो म्हटल्यावर लंडनला एक शिवी हासडून तेही सोडलं. उरलं पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम. आणि मध्ये, वाटेवर नाही पण फार आडबाजूलाही नाही असं, जर्मनीतलं एक शहर. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. अण्णांनी त्या शहरावर बोट ठेवलं नाही. फक्त बोट त्याच्याभोवती फिरवत राहिले.

"आन एक," ते म्हणाले. "गाडी न्हाय पायजे. टॅक्सी बी न्हाय. रेल्वे, बस, न्हायतर पायी."

"काकूंचे गुडघे दुखतात. स्टेशनवरून हॉटेलला तरी—"

"गाडीत बसलं की माझा हात सीटखाली जातोय," ते म्हणाले.

टॉमी त्यांनी कधीच विहिरीत फेकली होती म्हणे. तरी हात जातो. भाच्याच्या नव्या गाडीत बसले होते, भाचा काहीतरी उलट बोलला, आणि हात खाली जाऊन रिकामा चाचपडत राहिला. "काय न्हवतं म्हनून बरं," ते म्हणाले. तेव्हापासून चारचाकी बंद. मी स्टेशनाला लागून असलेली हॉटेलं शोधायला लागले.

आता युरोपच का, हे सगळ्या बोळाला माहीत होतं. मुलीनं आईला बोलावलं होतं. काकू म्हणाल्या, एकटी मी विमानात बसणार नाही, यायचं तर दोघं येऊ. मुलगी म्हणाली, त्यांना मी घरात घेणार नाही. झालं. यावर अण्णांनी तोडगा काढला तो त्यांच्याच डोक्यातून निघू शकतो. "आमी काय तिच्याकडं जायलाव का? आमी यात्रेला जायलाव. यात्रेला गेल्यालं माणूस कुणाच्या उंबऱ्याच्या आत जात न्हाय."

आमच्याकडं हे पाळतात. देवीचं दर्शन घेऊन निघालेला माणूस थेट आपल्या घरी जातो. वाटेत सख्ख्या बहिणीचं घर लागलं तरी आत पाय टाकत नाही, नाहीतर पदरातलं पुण्य तिथंच राहतं म्हणतात. खरं तर तो नियम परतीच्या वाटेचा. अण्णांनी तो जाण्यालाही लावला आणि पॅरिसलाही लावला. जिथं आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, तिथं आपणच जात नाही म्हणायची सोय झाली.

त्यानंतर ते रोज यायचे. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला होता, त्यामुळे खर्चाची बोलणी कमी आणि बाकीचीच जास्त. प्रत्येक शहराबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्टँडपासून देऊळ किती?" देऊळ म्हणजे जे बघायचं ते. पॅरिसचा मनोरा देऊळ, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवेही देऊळ. मी सांगितलं, रोज हॉटेल बदलू नका. पॅरिसला मुक्काम टाका, ब्रसेल्सला मुक्काम टाका, आसपासची गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. एका शहरात विमानातून उतरा आणि दुसऱ्यातून चढा, म्हणजे आल्या वाटेनं मागं जायला नको. हे त्यांना पटलं. "रिकामी फेरी न्हाय मारायची," म्हणाले.

रेल्वेचं मात्र पटेना.

"भरली न्हाय तर?"

"तरी सुटते."

"रिकामी?"

"रिकामी."

"मंग चालवनाऱ्याचं डोस्कं फिरलंय का?" ते खरोखर चिडले. काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी सवयीनं खुर्ची थोडी लांब घेतली.

मारामारी याही दिवसांत थांबली नव्हती. गावातला एक टूरवाला माझ्याकडं कागद घ्यायला आला होता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारख्यांनी ग्रुपनंच जावं. तिथं भाषा येत नाही, रीत माहीत नाही, कुठं हरवाल." अण्णांनी त्याची गचांडी धरली आणि त्याचं डोकं माझ्या शटरवर आपटलं. एकदाच. शटरला पोचा आला, तो अजून आहे. त्या माणसाच्या भुवईतून रक्त आलं आणि तो खाली बसून "काय बोललो मी, काय बोललो," म्हणत राहिला. मी अण्णांना दुकानातून बाहेर काढलं. महिनाभर यायचं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीवर बसलेले. "आत न्हाय येत. हितूनच सांग, ब्रसेल्सात काय हाय?"

पासपोर्टचे अर्ज मीच भरले होते. काकूंचा पासपोर्ट पोस्टानं आला. अण्णांचा आला नाही. पोलीस पडताळणीत तामलवाडीची केस निघाली. इतकी वर्षं तारीख पे तारीख, निकाल नाहीच. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खुर्चीला लाथ घातली. मग माझा प्रिंटर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. मी पंचिंग मशीन हातात घेतलं आणि म्हटलं, "ठेवा खाली. नाहीतर मी हाणीन." मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, प्रिंटर जागच्या जागी ठेवला, त्याची वायरसुद्धा सरळ केली, आणि निघून गेले.

वकिलानं साधं सांगितलं. फिर्यादी तडजोडीला तयार झाला, कोर्टानं मान्य केलं, तर केस मिटेल. म्हणजे मुलीला भेटायचं तर ज्याचा हात मोडला त्याच्याकडंच जायचं. अण्णा म्हणाले, "मरूंदे युरोप." त्या दिवसापासून काकूंनी अण्णांसमोर जेवणाचं ताट ठेवलं की स्वतः उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायला सुरुवात केली. भांडण नाही, अबोला नाही. फक्त ते जेवत असताना समोर बसायचं नाही. नवऱ्याचा मार खाताना ज्या बाईनं आवाज काढला नव्हता, तिचं हे एवढंसं करणं अण्णांना सोसलं नाही. पंधरवडाभरानं मला म्हणाले, "हिला सांग, पोरीला इचारा म्हनावं."

जावयाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यासाठी तो आला होता. तारखेला कोर्टात उभा राहिला. काकूंसोबत मी गेले होते. जज्जसाहेबांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. तो म्हणाला, "नाही." सही डाव्या हातानं केली.

बाहेर व्हरांड्यात अण्णा त्याच्याजवळ गेले. कितीतरी दिवस काहीतरी मनात जुळवत असावेत. पण तोंडातून निघालं ते एवढंच: "हात दाव."

तो एकदम मागं सरकला. इतक्या जोरात, की पाठ भिंतीवर आदळली, आणि तोच वाकडा हात डोक्यावर आडवा झाला. अण्णा त्याच्यापासून चांगली तीन पावलं लांब होते. त्यांनी हात उचलला नव्हता. दोन वकील बोलायचे थांबले. अण्णा तसेच उभे राहिले. मग आवारातल्या नळाखाली जाऊन त्यांनी डोकं धरलं आणि बराच वेळ पाणी सोडून उभे राहिले.

जावई सावरला, मला म्हणाला, "ताई, मी ह्यांच्यासाठी सही केली नाही. काकूंचा फोन ठेवला की माझी बायको जेवत नाही, म्हणून केली." आणि निरोप सांगितला. स्टेशनवर भेटू. घरी नाही.

"आमाला तरी कुठं घरी जायचंय," अण्णा ओल्या डोक्यानं म्हणाले. "यात्रा हाय आमची."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पंजा आपटला नाही. ब्रसेल्सहून अ‍ॅमस्टरडॅमला थेट गाडी असते. त्यांना ती नको होती. जर्मनीतून वळसा घालून जाणारी पाहिजे होती. त्या शहरात गाडी बदलावी लागते. मी सवयीनं लगेचची जोडगाडी दाखवली, उतरलं की समोरच्या फलाटावर चढलं.

"दुसरी दाव. जरा थांबायला लागंल अशी."

मी त्यानंतरची दाखवली.

"ह्याहून जास्त?"

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस लवकर पोचवणारी गाडी मागतो. जास्तीत जास्त ताटकळत ठेवणारी मागणारं हे पहिलं गिऱ्हाईक. मी खाली खाली जात राहिले. शेवटी सकाळी उतरायचं आणि दुपार कलल्यावर पुढची, अशी जोडी सापडली.

"हाण," ते हळूच म्हणाले. मग काकूंकडं न बघता पुढं म्हणाले, "गाड्या लेट होतेत म्हनं तिकडं. येळ हाताशी असलेला बरा."

काकू पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

मुंबईला जाऊन व्हिसा झाला. गेले एकदाचे. तिकडून मला व्हिडिओ फोन यायचे, दिवसातून एकदा तरी. मनोऱ्याखाली उभे राहून, "हाईटला हाय. पन वर काय न्हाय, देव बी न्हाय." ब्रसेल्सला तो सुप्रसिद्ध लघवी करणारा पोरगा बघायला मी पाठवलं, तर वीतभर मूर्ती बघून माझ्यावरच उखडले: "ह्याच्यासाठी म्हातारीला चालवलंस व्हय गं?" पॅरिसच्या भुयारी रेल्वेत एकानं त्यांच्या खिशात हात घातला. अण्णांनी तो मनगटाला धरला आणि पिळायला सुरुवात केली. चोर गुडघ्यावर आला. काकू ओरडल्या, "पोलीस येतील! पोरीला भेटायचं हाय!" आणि अण्णांनी हात सोडला. हे सांगताना काकू फोनवर हसत होत्या. मारत असताना कुणी थांब म्हटलं आणि अण्णा थांबले, असं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं. मलाही वाटलं, चला, जमतंय.

मग दोन दिवस फोन नाही.

ते परत आले. काकू आधी एकट्याच दुकानात आल्या आणि त्यांनी सांगितलं ते असं.

मुलगी फलाटावर उभी होती. काकूंच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या. जावई दोन बाकं सोडून लांब उभा होता. अण्णाही लांबच, पिशव्या राखत. नातू मध्ये, पाच वर्षांचा, लाल टोपी घातलेला. तो मराठी बोलतो. अण्णांकडं बघून म्हणाला, "तुम्ही आजोबा का?" अण्णांनी मान हलवली. बस, एवढंच दोघांचं बोलणं. शेजारच्या रुळावर गाडी येत होती. पोरानं इंजिन बघायला धाव घेतली आणि फलाटाच्या कडेला जी पांढरी रेघ असते तिच्या पलीकडं गेला. सगळ्यात जवळ अण्णा होते. त्यांनी झेप घेऊन त्याची कॉलर धरली, मागं खेचलं, आणि खेचता खेचताच सणसणीत एक कानाखाली वाजवली.

तुम्हीही आमच्यासारख्याच गावात वाढला असाल तर तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. विहिरीच्या काठावरून, बैलाच्या पायातून, रस्त्यातून पोर वाचलं की आधी त्याला मारायचं. भीती हातातून बाहेर पडते. माझ्या आईनं मला असंच मारलंय. पण अण्णांचा पंजा टेबलाची काच फोडणारा. पोराचा ओठ फाटला. टोपी उडाली. पोर जे किंचाळलं, त्यानं सगळा फलाट थांबला.

जावई धावत आला आणि पोराला पोटाशी धरून वाकला, पाठ अण्णांकडं करून. दुसरा तडाखा आपल्या पाठीवर घ्यायचा म्हणून. एक बाई अण्णांकडं बोट करून ओरडत होती. दोन पोलीस आले. पोलीस दिसल्याबरोबर अण्णांनी दोन्ही मनगटं जोडून पुढं केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पोलीस मुलीशी बोलले. पुष्कळ बोलले. पोराच्या ओठातलं रक्त तिच्या कोटाला लागलं होतं. त्यांनी अण्णांकडं हात करून काहीतरी विचारलं आणि ती गप्प झाली. काकू म्हणाल्या, "लई येळ गप होती. मला वाटलं, नेतेत आता ह्यांना." मग ती काहीतरी म्हणाली. पोलिसांनी तेच पुन्हा विचारलं, तिनं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. काकूंनी तिला विचारलं, काय म्हणालीस गं? ती म्हणाली, "ते विचारत होते हा माणूस कोण आहे. मी सांगितलं, माझे वडील आहेत. पोराला वाचवलं म्हणून सांगितलं."

पोलिसांनी नावं, पासपोर्ट उतरवून घेतले आणि बरंच समजावून सोडून दिलं. मुलीनं पोराला उचललं. आईच्या गालाला गाल लावला. मग ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली. पळून गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. म्हणाली, "आईला पाठवत जा. तुम्ही परत येऊ नका."

मुलगी, जावई, नातू निघून गेले. गाडीला अजून खूप वेळ होता. तो सगळा वेळ हे दोघं त्याच बाकावर बसून राहिले.

संध्याकाळी अण्णा आले. खुर्चीत बसले. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. पण त्यांचा चेहरा उजळलेला होता. "ताई, तुला काय सांगू. सगळ्या ठेशनात, पोलिसाच्या तोंडावर, मोठ्यानं म्हनली. माझा बाप हाय." चहावाल्याला सांगितलं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांना सांगितलं. ज्याचा कान फाटला होता, तो म्हातारा आता रसवंतीचा गाडा लावतो, त्यालाही थांबवून सांगितलं. पुढचं वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि त्या पोराच्या ओठाचं काय झालं असेल हा विचार डोक्यातून जात नव्हता.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. काकू तेव्हा मुलीकडं होत्या.

त्या मुलीकडं जायला निघाल्या तो दिवस मला चांगला आठवतो. या वेळी तिकीट एकच होतं. भाचा आपल्या गाडीतून त्यांना सोलापूरला रेल्वेवर सोडणार होता. अण्णांनी पिशवी डिकीत ठेवली, दार लावून दिलं. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला तर त्यांनी तो धरला नाही, स्वतःचे हात पाठीमागं नेले. गाडी वळणापलीकडं गेली तरी तसेच उभे. मग माझ्या दुकानात येऊन बसले.

मी चहा मागवला. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला आणि नेहमीच्या चेष्टेनं म्हणाला, "काय अण्णा, म्हातारीला एकटीलाच धाडली? पोरगी तर सगळ्या ठेशनात बाप बाप करत होती म्हणं. तुम्हाला न्हाय का बोलावलं?"

मी टेबलाची कड धरली. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. कप बशीत ठेवला.

"न्हाय," ते म्हणाले. "तिनं येऊ नका म्हनलंय. बरोबर हाय तिचं."